साखर कारखाने ‘हिरवे’ होताना : इथेनॉल, बगॅस, कोळसा आणि आपल्या ऊसबिलाचं गणित

लातूर/नांदेड : हवामान बदल, कार्बन, हरित ऊर्जा हे शब्द टीव्हीवर ऐकले की ते दिल्ली-मुंबईचं काम वाटतं. पण लातूर आणि नांदेड जिल्ह्यात या धोरणांचा सगळ्यात मोठा परिणाम झालाय तो साखर कारखान्यांवर. आपल्याकडे सर्वांत जास्त वाफ, वीज आणि इंधन लागणारा उद्योग हाच. लातूरच्या एमआयडीसीत तेल मिल आहेत, डाळ मिल आहेत, त्यांचे बॉयलरही चालतात. पण मांजरा, विलास, रेणा, जागृती, ट्वेंटीवन, तिकडे भाऊराव चव्हाण, कुंटूरकर, उमरी तालुक्यातला वाघलवाड्याचा कारखाना, यांच्यापुढे ते लहान. साखर आयुक्तालयाच्या नांदेड विभागात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली असे चार जिल्हे येतात. या चार जिल्ह्यांत ऊस लावणाऱ्याच्या घरी येणारा पैसा आता फक्त साखरेच्या भावावर ठरत नाही. इथेनॉलचा दर, विजेचा दर आणि कोळशावरचा कर हेसुद्धा त्यात आलेत.

म्हणून हे धोरण नेमकं काय आहे, कारखाना त्यामुळं कसा बदलतोय आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं, याची ही माहिती.

चोथ्यापासून वीज

उसाचा कारखाना हा इतर कारखान्यांपेक्षा वेगळा आहे. सिमेंट किंवा लोखंडाच्या कारखान्याला कोळसा बाहेरून आणावा लागतो. साखर कारखान्याचं इंधन उसाबरोबरच गव्हाणीत येतं. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे ओला चोथा, निघतो. हाच चोथा बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाईन फिरवायचं आणि तीच वाफ पुढं रस आटवायला वापरायची.

पूर्वी कारखान्यांचे बॉयलर कमी दाबाचे होते. वीज निघायची ती कारखान्यापुरतीच, आणि उरलेला बगॅस कागद गिरण्यांना विकला जायचा किंवा आवारात पडून राहायचा. मग सहवीज प्रकल्प आले. जास्त दाबाचा बॉयलर बसवला की तेवढ्याच चोथ्यातून कितीतरी जास्त वीज निघते. ढोबळ हिशेबानं चांगल्या प्रकल्पात एक टन उसामागे स्वतःचा वापर भागवून ८० युनिटच्या आसपास वीज बाहेर विकता येते. म्हणजे दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना रोज चार लाख युनिट महावितरणला देऊ शकतो.

बगॅसच्या विजेला ‘हिरवी’ म्हणतात त्याचं कारण सोपं आहे. चोथा जळताना जो कार्बन वायू बाहेर पडतो, तो उसानं वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. पुढच्या वर्षीचा ऊस तो पुन्हा ओढून घेतो. कोळशाचं तसं नाही. तो कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन वर काढतो.

सहवीज प्रकल्पांना पहिला आधार मिळाला तो क्योटो कराराचा. तो करार २००५ साली लागू झाला आणि श्रीमंत देशांच्या कंपन्या आपल्याकडच्या असल्या प्रकल्पांचे कार्बन क्रेडिट विकत घेऊ लागल्या. महाराष्ट्रातल्या बगॅस प्रकल्पांनीही त्यात नोंदणी केली. २०१२ नंतर त्या क्रेडिटचे भाव इतके कोसळले की त्या कमाईच्या भरवशावर कुणी कर्ज काढावं असं राहिलं नाही. दुसरा आधार राज्य सरकारचा. महावितरणला एकूण विजेतला ठराविक वाटा अपारंपरिक स्रोतांतून घ्यावाच लागतो, म्हणून बगॅसच्या विजेला गिऱ्हाईक मिळालं. सुरुवातीचे करार चांगल्या दराचे होते.

मग सौर ऊर्जा स्वस्त झाली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत प्रति युनिट तीन रुपयांच्या आसपास वीज मिळू लागल्यावर बगॅसच्या विजेला पाच रुपयेसुद्धा जास्त वाटू लागले. निविदा निघाल्या, दर खाली आले. कारखाने म्हणायला लागले की एवढ्यात प्रकल्पाच्या कर्जाचा हप्ताही निघत नाही. शेवटी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सहवीज प्रकल्पांना प्रति युनिट दीड रुपयापर्यंत अनुदान देण्याचा निर्णय घेतला, तोही मर्यादित काळासाठी. एका हिरव्या योजनेनं दुसरी हिरवी योजना अडचणीत आणली, असं हे प्रकरण आहे. खरं तर दोन्हीची तुलना करणंच चूक आहे. सौर वीज दिवसाची. कारखान्याची वीज गाळपात रात्रंदिवस चालते. शेतकऱ्याला दिवसा वीज पाहिजे, शहराला संध्याकाळी. पण दर ठरवताना हा फरक फारसा धरला जात नाही.

इथेनॉल : सगळ्यात मोठा बदल, सगळ्यात मोठा फटका

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ सालचा. पण बरीच वर्षं तो कागदावरच राहिला. २०१३-१४ साली मिश्रण होतं फक्त १.५३ टक्के. २०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आलं. त्याच वर्षी इथेनॉलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आणि डिस्टिलरी उभारण्यासाठी व्याज सवलत जाहीर झाली: व्याजाचे ६ टक्के किंवा निम्मं व्याज, यातलं जे कमी असेल ते सरकार पाच वर्षं भरणार. २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५-२६ वर आणलं. जून २०२२ मध्ये १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २० टक्केही गाठलं.

आता इथेनॉल कशापासून होतं ते बघू, कारण ऊसबिलाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. साखर काढून काढून शेवटी जी मळी उरते ती ‘सी हेवी’. तिच्यात साखर कमी असते. एक पायरी आधी थांबलं तर ‘बी हेवी’ मळी मिळते, तिच्यात जास्त साखर असते, इथेनॉलही जास्त निघतं, पण पोत्यात भरायची साखर कमी होते. आणि साखर न करता थेट रसापासूनही इथेनॉल करता येतं; एक टन उसापासून साधारण ७० लिटर. सरकारनं तिन्हीला वेगवेगळे दर ठेवलेत. रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, बी हेवीला ६० रुपये ७३ पैसे. सी हेवीचा दर जानेवारी २०२५ मध्ये ५७ रुपये ९७ पैसे झाला. यातली गंमत अशी की रस आणि बी हेवीचे दर २०२२-२३ पासून तिथंच आहेत, आणि उसाचा एफआरपी मात्र दरवर्षी वाढतोय. साखरेचा किमान विक्री दर तर फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवरच अडकलाय.

तरी २०१८ ते २०२३ हा काळ कारखान्यांना बरा गेला. साखर विकायला वर्ष लागतं, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या काही आठवड्यांत देतात. शेतकऱ्यांची थकबाकी कमी व्हायला याची मदत झाली, हे मान्य करावं लागेल. मराठवाड्यातल्या कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या, नव्या बांधल्या, त्यासाठी कर्ज काढलं. वाघलवाड्याच्या कारखान्याची कंपनी, एमव्हीके अॅग्रो, तर मार्च २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि तो पैसा इथेनॉल व बायो-सीएनजी प्रकल्पासाठी लागेल असं तिनं गुंतवणूकदारांना सांगितलं.

त्याच्या आधी काही महिने मोठा झटका बसला होता. २०२३ साली एल निनोमुळं पाऊस फिरला. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदीतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऊस कमी होणार, साखर महागणार, पुढं लोकसभा निवडणूक. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रानं उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायला बंदी घातली. गाळप सुरू झालेलं, करार झालेले, टाक्या तयार. आठवडाभरात १५ डिसेंबरला थोडी माघार घेतली आणि देशभरात मिळून १७ लाख टन साखरेइतकाच माल इथेनॉलकडं वळवायला परवानगी दिली. निर्बंध पूर्ण उठले ते पुढच्या हंगामासाठी, नोव्हेंबर २०२४ पासून.

इथं थोडं थांबायला पाहिजे. हवामान बिघडू नये म्हणून आणलेलं धोरण हवामान बिघडल्यावर सगळ्यात आधी थांबवलं गेलं. सरकारची अडचण समजू शकते, साखर चाळीशी ओलांडली तर ओरड होतेच. पण ज्या कारखान्यानं सरकारच्या शब्दावर कर्ज घेतलं, त्याचं व्याज त्या वर्षी थांबलं नव्हतं. आणि सहकारी कारखान्याचं कर्ज म्हणजे शेवटी सभासदाचंच कर्ज.

आता दुसरा पेच. उसाचा भरवसा नाही म्हणून सरकारनं मक्याला जवळ केलं. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर दिला. २०२५-२६ च्या वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटरचं वाटप केलं, त्यात ऊस-मळीचा वाटा २८९ कोटी लिटरच्या आसपास, म्हणजे चाराण्याला थोडासाच जास्त. बाकी सगळं धान्याचं. डिस्टिलऱ्या मात्र यापेक्षा कितीतरी जास्त इथेनॉल बनवण्याइतक्या उभ्या आहेत. सहकारी कारखान्यांना मका आणि खराब धान्यावरही चालणारी डिस्टिलरी करता यावी म्हणून मार्च २०२५ मध्ये वेगळी व्याज सवलत योजना निघाली. म्हणजे आधी मळीसाठी कर्ज, आता मक्यासाठी पुन्हा कर्ज.

ऊसबिलात काय फरक पडतो

२०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. उतारा साडेनऊ किंवा त्याखाली असेल तर ३,२९० रुपये ५० पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता समजा एखाद्या कारखान्याचा खरा उतारा ११ टक्के आहे. त्यानुसार एफआरपी होतो ३,८०९ रुपये ५० पैसे. पण कारखान्यानं बी हेवी केली तर साखर कमी निघते आणि कागदावरचा उतारा दीड टक्क्यानं खाली येऊ शकतो, म्हणजे साडेनऊवर. नुसता तोच आकडा धरला तर शेतकऱ्याचं टनाला ५१९ रुपये नुकसान. तसं होऊ नये म्हणून बी हेवी किंवा रस वळवल्यामुळं उताऱ्यात किती घट आली याचा दाखला पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून घ्यावा लागतो आणि ती घट उताऱ्यात परत मिळवून एफआरपी काढावा लागतो. सभासदानं कारखान्याच्या वार्षिक सभेत साखर उतारा विचारताना म्हणूनच दोन आकडे विचारावेत: प्रत्यक्ष साखरेचा उतारा आणि इथेनॉलची घट धरून अंतिम उतारा. एकच आकडा सांगितला तर दुसरा मागून घ्यावा. आणि एफआरपी आदल्या हंगामाच्या उताऱ्यावर, चौदा दिवसांत, एकरकमी द्यायचा असतो. दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. चौदा दिवसांनंतर १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. ते मागणारे कमी आणि देणारे त्याहून कमी.

एफआरपीच्या वरच्या कमाईचं काय? रंगराजन समितीच्या शिफारशीवरून महाराष्ट्रानं २०१३ साली ऊसदर नियमन कायदा केला. त्यात साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के, असं सूत्र आहे. इथं एक बारीक मेख आहे. वाटणी होते ती बगॅस आणि मळीच्या किमतीची. त्या बगॅसपासून केलेल्या विजेची किंवा मळीपासून केलेल्या इथेनॉलची नाही. कारखान्याची स्वतःचीच डिस्टिलरी असेल तर मळी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते, आणि त्या वेळी तिचा भाव काय लावला यावर सगळं अवलंबून. कारखान्यांचं म्हणणं असं की वीज आणि इथेनॉलमध्ये गुंतवणूक आणि जोखीम त्यांची आहे. त्यात तथ्य आहे. पण ऊस नसेल तर ना बगॅस ना मळी, हेही तितकंच खरं. शेतकरी संघटनांचा या मुद्द्यावरचा आग्रह म्हणून चुकीचा म्हणता येणार नाही.

सोयाबीनवाल्यालाही झळ

ज्याच्या रानात ऊस नाही त्यानं हा विषय आपला नाही असं समजू नये. लातूर-नांदेडचं मुख्य पीक सोयाबीन आहे, आणि लातूरचा बाजार सोयाबीनसाठी राज्यात नावाजलेला. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिनं भरपूर असतात आणि तो कोंबड्यांच्या, जनावरांच्या खाद्यात चालतो. आतापर्यंत त्या जागी सोयापेंड जायची. मक्याच्या डिस्टिलऱ्या वाढल्या तसा हा चोथा बाजारात आला, तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त, मग पेंडीची मागणी घटली. सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त ठरतो, कारण शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठराच्या आसपास आणि पेंड ऐंशीच्या.

२०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये. बाजारात सोयाबीन विकलं गेलं चार हजार ते सव्वाचार हजारांच्या आसपास. याला एकटं इथेनॉल कारण नाही. जगातच सोयाबीनचे भाव पडले होते आणि बाहेरून तेल येतच होतं. पण कारणांपैकी एक कारण हे नक्की आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडं फार कमी होते. दुसरीकडं मका लावणाऱ्याला याच धोरणानं गिऱ्हाईक वाढलं. हिंगोली-नांदेडकडं काही शेतकरी सोयाबीन सोडून मक्याकडं वळायचा विचार करतायत तो यामुळंच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ केलाय, पण खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या अटीत किती माल बसतो हा प्रश्न वेगळाच.

डिस्टिलरीचा काळा पाट आणि कोळसा

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तांबूस-काळा, वास मारणारा, विहिरीत उतरला तर पाणी वर्षानुवर्षं खराब करणारा. डिस्टिलरीच्या शेजारच्या गावांना हे सांगायची गरज नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आताच्या नियमानुसार त्यातला एक थेंबही आवाराबाहेर सोडता येत नाही. मग तो आटवून घट्ट करायचा आणि खास बॉयलरमध्ये जाळायचा, नाहीतर प्रेसमडमध्ये मिसळून खत करायचं.

पण हा आटवलेला स्पेंटवॉश एकटा नीट जळत नाही. त्याला जोडीला बगॅस किंवा कोळसा लागतो. गाळप चालू असताना बगॅस असतो. हंगाम संपल्यावर शिल्लक बगॅस पुरला नाही की कोळशाच्या गाड्या येतात. म्हणजे वर्षभर ‘हिरवं’ इंधन बनवणारी डिस्टिलरी उन्हाळ्यात कोळशावरही चालू शकते. कोळशावर केंद्रानं २०१० साली टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला होता, तो वाढत २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला, आणि २०१७ नंतर जीएसटी भरपाई उपकर म्हणून तेवढाच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. भारी कोळसा असेल तर कर वाढला, हलका कोळसा असेल तर उलट कमी झाला. हवामान धोरण म्हणून बघितलं तर हे उलटंच वाटतं, कारण हलक्या कोळशात राख जास्त.

या बॉयलरच्या राखेत पालाश असतं, साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. आपला देश पोटॅश बाहेरून आणतो. म्हणून मळीपासूनचं पोटॅश हे खत म्हणून मान्य झालं, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रानं कारखान्यांनी ते खत कंपन्यांना टनाला ४,२६३ रुपयांनी विकावं असा दर ठरवून दिला. जवळच्या डिस्टिलरीचं हे खत मिळत असेल तर उसाला आणि केळीला ते विचारात घ्यायला हरकत नाही. फक्त पोत्यावरचा पालाशाचा टक्का वाचून म्युरेट ऑफ पोटॅशशी भाव जुळवून बघावा. म्युरेटमध्ये ६० टक्के पालाश असतं, हे विसरून चालणार नाही.

कार्बन बाजार : साखर अजून बाहेर

देशात २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना ऊर्जा बचतीचं उद्दिष्ट देण्याची योजना सुरू झाली. आता तिची जागा कार्बन क्रेडिट व्यापार योजना घेतेय. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २८ जून २०२३ रोजी योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना प्रति टन मालामागे किती कार्बन सोडायचा याची उद्दिष्टं ठरवून दिली. कमी सोडला तर क्रेडिट मिळणार, जास्त सोडला तर विकत घ्यावं लागणार. साखर या यादीत नाही.

शेजारच्या जालन्याची गोष्ट वेगळी. तिथं भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून सळई बनवणाऱ्या भट्ट्या आहेत, त्या विजेवर चालतात आणि वीज हाच त्यांचा मोठा खर्च. केंद्राच्या पोलाद मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलाद’ म्हणजे काय याची व्याख्या केली: एक टन पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन. त्यातही १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. युरोपनं १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या लोखंड, सिमेंट, खत, अॅल्युमिनियमवर कार्बन शुल्काचा प्रत्यक्ष अंमल सुरू केलाय. जालन्याच्या सळईचं गिऱ्हाईक देशातच जास्त, त्यामुळं थेट फटका कमी. पण भट्टीला कोळशाची वीज की सौर, यावर ते तारे ठरणार. आपल्या घरकुलाच्या स्लॅबला लागणाऱ्या सळईचा भाव पुढं त्यावरही हलू शकतो.

पाणी

सगळ्या हिशेबात जे धरलं जात नाही ते पाणी. २०२१ साली नीती आयोगाच्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलंय की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला शेतातलं धरून २,८६० लिटर पाणी लागतं. टनाला ७० लिटरच्या हिशेबानं एका टन उसामागे दोन लाख लिटर पाणी. कारखान्याच्या आत मात्र पाण्याची फार गरज नसते, कारण उसातच ७० टक्के पाणी असतं आणि रस आटवताना ते परत मिळतं. खरं पाणी लागतं ते रानात.

धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. त्याच दुष्काळानं राज्याचं साखर उत्पादन एका वर्षात ८४ लाख टनांवरून ४२ लाख टनांवर आलं. परळीचं औष्णिक वीज केंद्र तर त्याआधीच, २०१५ मध्ये, पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळशाची वीजही पाण्यावाचून चालत नाही. २०१९ मध्ये मराठवाड्याच्या तत्कालीन विभागीय आयुक्तांनी उसाऐवजी कडधान्य-तेलबिया घ्याव्यात अशी शिफारस सरकारला केली. पुढं काही झालं नाही. होणारही नव्हतं. ऊस हे एकच पीक असं आहे की ज्याला घेणारा ठरलेला असतो. तुरीला आणि सोयाबीनला तशी हमी मिळेपर्यंत कुणी ऊस सोडणार नाही. ठिबक मात्र करता येतं, आणि त्यानं पाणी खूप वाचतं. पण इथेनॉलच्या दरात ठिबकवरच्या उसाला एक पैसाही जास्त नाही.

पुढं काय येतंय : प्रेसमडचा गॅस आणि पाचटाच्या कांड्या

गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के प्रेसमड निघतो. आतापर्यंत तो शेतकऱ्यांना खतासाठी स्वस्तात मिळायचा. आता त्यापासून गॅस काढता येतो. साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन. ‘सतत’ योजना २०१८ ची, पण जोर आता आलाय. शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का जैव गॅस मिसळणं बंधनकारक केलंय, तो वाटा २०२८-२९ पर्यंत ५ टक्के होणार. गॅस काढल्यावर उरलेला गाळ खत म्हणून परत मिळतो, आणि त्यातलं नत्र-स्फुरद गॅसबरोबर जात नाही. कारखाना तो गाळ सभासदाला कोणत्या भावानं देणार हे प्रकल्प मंजूर होतानाच ठरवून घेतलेलं बरं.

तसंच कांड्यांचं. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या मिसळाव्यात असं केंद्राचं धोरण आहे. परळी आपल्याला जवळ. तुराट्या, पऱ्हाट्या, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट यांना त्यामुळं भाव येऊ शकतो. मात्र भुसकट म्हणजे बऱ्याच घरी जनावरांची वैरण आहे आणि पाचट रानात कुजवलं तर जमिनीला कर्ब मिळतो, त्यामुळं सगळंच विकायला काढणं परवडणार नाही. तुराट्या-पऱ्हाट्या नाहीतरी बांधावर पेटवल्या जातात. त्या विकायला हरकत नाही. गावात मळणी यंत्राबरोबर काड्यांचा भुगा करणारं यंत्र भाड्यानं मिळतंय का आणि वाहतूक धरून टनाला काय उरतं, एवढं आधी बघावं. वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढं ट्रॅक्टरनं काडी नेली की डिझेलच भाव खाऊन टाकतं.